आर्वोची बादली

१

ऑर्किडचं नाव ठरवायला दोन माणसं लागतात, असं माझ्या नवऱ्याचं, आर्वोचं मत होतं. एकाने गुडघे टेकून बघायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. बघणाऱ्याने विचारायचं नाही आणि विचारणाऱ्याने बघायचं नाही. एकटा माणूस दोन्ही करायला गेला की त्याला जे हवं असतं तेच दिसायला लागतं, असं तो म्हणे. लोकांचे संसार मुलांमुळे टिकतात, नाहीतर आळसामुळे. आमचा या वाटणीमुळे टिकला.

आर्वोचे गुडघे कामातून गेले होते. सगळा जन्म त्याने रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ट्रकवर काढला, आणि आमच्या सुपीरियर सरोवराच्या काठी बर्फ ऑक्टोबरात येतो तो मे महिन्यात नाइलाजाने जातो. म्हणून गुडघे माझे आणि प्रश्न त्याचे. घरामागच्या दलदलीत तो एक पांढरी प्लास्टिकची बादली घेऊन यायचा, शेवाळावर पालथी घालायचा, माझ्याकडे पाठ करून तिच्यावर बसायचा आणि सुरू करायचा.

"हिरवं काही आहे का झाडात?"

"आहे."

"हं. ओठ पिशवीसारखा फुगीर, की सपाट?"

ओठ म्हणजे ऑर्किडची तिसरी पाकळी, बाकी दोघींपेक्षा वेगळी असते ती. ती खाली आहे की वर, देठावर लव आहे की नाही, पान एक की जोडीने, झाड एकटं वाढतं की घोळक्याने, असं करत करत शेवटी एकच नाव उरतं. प्रश्नांचं पुस्तक होतं आमच्याकडे, पण ते फार वर्षांपूर्वी चिखलात पडलं आणि चिखलाने ते ठेवून घेतलं. तोवर आर्वोला सगळं तोंडपाठ झालं होतं.

एखादं उत्तर त्याला पटलं नाही तर तो एवढंच म्हणायचा, "परत बघ." मी परत बघायचे आणि तेच सांगायचे. मग तो वाद घालत नसे. माझ्या डोळ्यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि त्यामुळेच मी न बघता कधी उत्तर दिलं नाही. एक उत्तर चुकलं की माणूस भलत्याच वाटेला लागतो. एकदा माझं मनगट मोडलं होतं, तेव्हा माझ्या जागी त्याची बहीण हेल्मी बसली. फूल वाऱ्याने वाकडं झालं होतं, तिने बेधडक सांगितलं, "ओठ वर आहे." ओठ वर असलेलं ऑर्किड सावलीत येत नाही, उघड्यावर येतं; सावलीत एखादं सापडलं तर त्याच्या जोडीचं दुसरं बघितल्याशिवाय आर्वो नाव ठरवत नसे. आर्वो उठला, बादली उचलली आणि जोडीचं झाड शोधायला उत्तरेच्या उघड्या दलदलीत गेला. दुपारच्या कॉफीला आला नाही, जेवायलाही आला नाही. शेवटी मीच जाऊन त्याला घेऊन आले. कंबरेपर्यंत भिजला होता आणि तरी म्हणत होता, "हेल्मीने बघितलंय ना, मग असणारच."

नाव ठरलं की तो खिशातून सीडरच्या झाडाची काडी काढायचा. घरूनच सोलून पांढरी केलेली असायची ती. झाडाच्या शेजारी खोचायचा. इथे कुणीतरी राहतंय, पाय जपून टाका, असा त्याचा अर्थ. काडी खोचलेलं झाड हलवायचं नाही, हा त्याचा नियम. उपटून नेलेली ऑर्किडं तशीही जगत नाहीत. त्यांना त्यांचीच माती लागते.

२

मागच्या ऑक्टोबरात आर्वो गेला. दलदलीत एका झाडाभोवती हरणांसाठी जाळी लावायला गेला होता, बादलीवर बसला आणि बसल्या बसल्याच गेला. शोधायला मीच गेले. पाठ माझ्याकडे होती, नेहमीसारखी, म्हणून मी जवळ जाईपर्यंत बोलतच होते.

ते झाड म्हणजे त्याचा जीव की प्राण. राणीमोजडीचं असावं असं दोघांनाही वाटायचं. पण राणीमोजडी बी पडल्यापासून फुलायला माणसाचं अर्धं तारुण्य घेते, आणि हे झाड वर्षानुवर्षं नुसती पानं दाखवत होतं. फुलाशिवाय नाव द्यायला आर्वो तयार नव्हता. "पानावरून नाव द्यायचं म्हणजे पाळण्यातल्या मुलाचं लग्न ठरवायचं," म्हणायचा. त्यामुळे त्याच्याशेजारी काडी नव्हती. आमच्या दलदलीत बिनकाडीचं असं तेवढं एकच झाड राहिलं होतं.

या जूनमध्ये मी गेले तेव्हा त्या झाडाला कळी होती.

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. हसूही येत होतं. मेल्या, आठ महिने थांबला असतास तर काय बिघडलं असतं, असं मोठ्याने म्हटलं. आजूबाजूला डासांखेरीज कुणी नव्हतं.

त्याच दुपारी किर्स्तीचा फोन आला. आमची एकुलती एक मुलगी, डुलूथला असते, जूनअखेरीस बाळंत व्हायची होती.

"आई, तू कधी येतेस? खोली तयार आहे. नुसती बाळंतपणापुरती नाही हं, मी काय म्हणते ते तुला कळतंय."

"कळतंय गं. कळी आलीये. उमलली की निघते."

"कुणाला कळी आलीये?"

"बाबाच्या झाडाला."

ती मग हळूच म्हणाली, "फुलासाठी थांब. पण मग ये. मला भीती वाटतेय, आई." किर्स्ती लहानपणापासून भीती वाटली तरी सांगणारी पोरगी नव्हे. मी तिला शब्द दिला.

३

कळी उमलायला वेळ होता, तोवर मी बाकीची झाडं बघत फिरू लागले. हात रिकामे राहिले की मन फार खातं. बादली मी नेत नव्हते. ती सॉनाच्या, म्हणजे वाफेने अंघोळ करायच्या, खोलीत फळीवर पालथी होती, ऑक्टोबरात चर्चमधल्या मंडळींनी आणून ठेवली तशीच.

एका सकाळी मी आदल्या दिवशीच्याच जागी परत गेले. दलदलीतलं शेवाळ गादीसारखं असतं. त्यावर गुडघे टेकले की दोन खळगे पडतात, त्यात पाणी भरतं, आणि हळूहळू शेवाळ फुगून वर येतं. दुसऱ्या दिवसापर्यंत खळगे निम्मे भरून आलेले असतात. माझे तसेच होते.

त्यांच्यामागे, हातभर अंतरावर, शेवाळात एक गोल वळ होता. बादलीच्या काठाएवढा. आत पाणी साचलेलं, आणि माझ्या खळग्यांपेक्षा तो ताजा होता.

मनात पाल चुकचुकली. पण मी चिखलात वाढलेली बाई आहे. हरीण बसतं, सांबराएवढाले मूस फिरतात, ओंडका कुजून खचतो. गोल वळ पडायला हजार कारणं. त्या हजारातलं एकही मला नीट पटलं नाही, ही गोष्ट वेगळी. मी त्याच्यावर पाय देऊन तो मोडला आणि घरी आले.

४

शनिवारी हेल्मी आली. आर्वोपेक्षा मोठी, ऐंशी ओलांडलेली, अजून स्वतः ट्रक चालवते आणि रस्त्याच्या मधोमध चालवते. दर शनिवारी आमच्याकडे सॉना घ्यायला येते, सोबत वेलदोड्याचा गोड पाव असतो. तिच्या पावाची स्तुती केली नाही तर आठवडाभर तोंड फुगलेलं असतं.

जूनमध्ये आमच्याकडे संध्याकाळ संपतच नाही. सॉनाच्या छोट्या खिडकीतून सोनेरी उजेड येत होता. आम्ही दोघी म्हाताऱ्या फळीवर बसून घाम काढत होतो. हेल्मीने दगडांवर पाणी टाकलं, चर्रर आवाज झाला, आणि वाफ खाली बसल्यावर मला ती बादली दिसली.

"हेल्मी, ही बादली तू घेतलीस?"

"मी कशाला घेऊ? माझ्याकडे माझी आहे."

"काठाला शेवाळ आहे तिच्या."

"असणारच. आयुष्यभर चिखलात बसली ती. तुमचं लग्न चर्चमध्ये कुठे, चिखलातच लागलं होतं."

"ओलं आहे गं. हिरवं. ऑक्टोबरचं शेवाळ जूनपर्यंत ओलं राहील का? ते पण सॉनात?"

हेल्मीने हात लांब करून काठाला बोट लावलं, बोट बघितलं आणि मांडीला पुसलं. हेल्मी गप्प बसणं म्हणजे आमच्या गावात बातमी होईल.

"मीच वापरली असेन," शेवटी म्हणाली. "मला काय आठवतंय. मागच्या आठवड्यात दुधाची बाटली बुटात ठेवली होती मी." मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, "इल्मा, तू मुलीकडे जा बरं. ते फूल उमलायचं असेल तर तुझ्याशिवायही उमलेल."

"त्याला नाव द्यायचं राहिलंय. आर्वोचं तेवढंच काम राहिलं होतं."

"आर्वोचं काम आर्वोबरोबर जाऊ दे."

चुकीचं काहीच बोलली नाही. पण कामं माणसांबरोबर जात नाहीत, मागे राहिलेल्यांच्या गळ्यात पडतात. मी तसं तिला म्हटलं. तिने पाव कापून माझ्या बशीत दुप्पट वाढला.

५

कळी फुगत होती. मी फळ्यांच्या वाटेवरून जरा आत, सीडरच्या दाट सावलीत, एक छोटं ऑर्किड बघायला बसले होते. एकच पान, बोटभर देठ, त्यावर हिरवट फुलं, इतकी बारीक की भिंगाशिवाय नुसते ठिपके दिसावेत. नाव मला ठाऊक होतं. तरी सवयीने मी प्रश्न मोठ्याने विचारत होते आणि उत्तरंही मीच देत होते. आर्वो असता तर रागावला असता.

"हिरवं काही आहे का झाडात? आहे. ओठ फुगीर की सपाट? सपाट. पान एक की जोडीनं?"

"टोकाला पांढरं आहे का?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता.

म्हणजे मला तसं वाटलं. एकट्या माणसाच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो. शिवाय आवाज मोठा नव्हता, मागून आला होता, वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीएवढा. मी फुलाकडे बघितलं. त्यात पांढरं काही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"परत बघ."

मी परत बघितलं. भिंगावर काहीतरी पांढरं आडवं आलं होतं. माझ्याच केसांची बट होती, रुमालातून सुटलेली.

"आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही. उत्तर द्यायची सवय गुडघ्यांत असते.

"हं."

ते "हं" आर्वोचं होतं. पन्नास वर्षं ऐकलेलं. त्यात पुढचा प्रश्न आधीच तयार असायचा.

"देठ ताठ की वाकलेला?"

माझी पाठ वाकलेली आहे. समोरचा देठ सरळ होता.

मी मागे न बघता उठले, फळ्यांवरून चालत घरी आले, दार लावलं आणि कॉफी करत बसले. कॉफी उकळून जळाली. सगळ्याची कारणं मी शोधून काढली: एकटेपण, कमी झोप, मनाचे खेळ. कारणं एकाहून एक चांगली होती. मला एकच गोष्ट छळत होती. आर्वो विचारायला बसला की पाठ माझ्याकडे करायचा, त्यामुळे त्याचा आवाज कायम दुसरीकडे जाताना ऐकू यायचा. आजचा आवाज सरळ माझ्याकडे आला होता. विचारणारा बघत होता.

६

दुसऱ्या दिवशी सॉनाच्या पायरीवर सीडरच्या सालीचे कुरळे तुकडे पडलेले होते. लांब, पातळ, एकाच दमात काढलेले. आर्वो असाच सोलायचा, तिथेच बसून, आणि केर कधी उचलायचा नाही. त्यावरून मी त्याला आयुष्यभर बोलले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ज्याने ही म्हण काढली तो घाईत होता.

मी ते तुकडे हातात घेतले. ताजे होते, वास येत होता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं. मला बरं वाटलं. घरात कुणीतरी केर केला होता आणि तो मला काढायचा होता, या एवढ्याशा गोष्टीने बरं वाटलं.

काडी कुठेच नव्हती. म्हणजे ती त्याच्या खिशात होती.

फुलासाठी असेल, मी स्वतःला सांगितलं. त्यालाही त्याच्या झाडाचं नाव ठरवायचं असेल. असं दिवसभर सांगितलं, आणि दिवसभर देठ ताठ की वाकलेला हा प्रश्न कानात वाजत राहिला. काडी खोचलेलं झाड हलवायचं नाही. डुलूथच्या खोलीत किर्स्तीने माझ्यासाठी निळे पडदे लावले होते, तिने फोनवर सांगितलं होतं.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. किर्स्तीच्या पोटात कळा नव्हत्या, पण डॉक्टर म्हणाले, आता केव्हाही. मी म्हटलं, उद्या निघते. हेल्मीला सांगून ठेवलं की दुपारी मला बसवर सोड.

"फुलाचं काय?" हेल्मीने विचारलं.

"सकाळी बघून येते."

"मी येऊ तुझ्याबरोबर?" दलदलीत पाय न टाकण्याची तिने शपथ घेतली होती, 'ओठ वर आहे' सांगून फसली त्या दिवसानंतर. तिने विचारलं हेच खूप होतं. मी हो म्हणायला हवं होतं.

"नको. दोघांचं काम आहे ते," मी म्हटलं.

७

धुकं होतं. सीडरच्या बुंध्यांच्या खालच्या बाजू तेवढ्या दिसत होत्या. फूल उमललं होतं.

राणीमोजडी कशी असते ते मी किती वेळा बघितलं आहे, पण हे मी पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत राहिले. वर पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, खाली गुलाबी फुगीर मोजडी, लहान मुलाच्या पावलात बसेल एवढी. एकच देठ, एकच फूल. मी जाळी बाजूला केली आणि गुडघे टेकले. शेवाळातून थंड पाणी वर आलं.

"आर्वो, उमललं रे," मी म्हटलं. "ये. विचार."

काडी कुणासाठी आहे ते कळत होतं, तरी बोलावलं. दुसरं काय करणार होते? त्याच्याशिवाय ते नाव देणं मला जमलंच नसतं.

मागे शेवाळ दबल्याचा आवाज झाला. मग बादलीची कडी प्लास्टिकवर आपटली, टक्. त्याचा गुडघा वाजला. बसताना तो "आई गं" म्हणायचा तसं काही म्हणाला नाही.

"हिरवं काही आहे का झाडात?"

"आहे. दोन्ही बाजूंना, रुंद पानं, शिरा उठलेल्या."

"परत बघ."

मी फुलाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. हातांवर हिरव्या शिरा होत्या. तो फुलाचं विचारतच नव्हता. आवाज माझ्या मानेवर येत होता, ओल्या मातीचा वास होता त्याला.

"आहे," मी म्हटलं.

"हं. देठ ताठ की वाकलेला?"

"वाकलेला. तुला काय जातंय, जन्मभर बादलीवर बसून होतास."

"हं." त्यात हसू होतं. देवाशपथ होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"टोकाला पांढरं?"

"सगळं पांढरं. निम्मं तुझ्यामुळे."

"पानं जोडीनं, की एकच?"

"जोडीनं होती," मी म्हटलं. "एक गळलं."

धुक्यातून कुठेतरी पाणी टपकत होतं.

"मूळ खोल आहे?"

"खूप खोल."

एकेक उत्तर खरं होतं आणि एकेका उत्तराने पाय जड होत होते. गुडघ्यांखालचं पाणी आता थंड लागत नव्हतं. उठावंसं वाटत नव्हतं. किती दिवसांनी मला कुणी काही विचारत होतं आणि थांबून उत्तर ऐकत होतं. त्याच्या प्रश्नांची वाट मला ठाऊक होती. आता एकच राहिला होता.

डाव्या बाजूला, माझ्या गुडघ्यापाशी, काहीतरी पांढरं आलं. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढंच: सोललेली काडी, टोक शेवाळाला टेकलेलं. ती धरलेला हात. करंगळी वाकडी, ट्रकच्या पात्यात सापडून मोडलेली, मीच बांधलेली. हाताच्या पाठीवर, पडलेल्या ओंडक्यावर येतं तसं, बारीक हिरवं शेवाळ आलं होतं. मनगटाच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही.

"एकटं वाढतं," आर्वोने विचारलं, अगदी मऊपणे, "की घोळक्यानं?"

एकटं. किती सोपं होतं म्हणायला. आठ महिने मी तेच होते. सकाळी एकटी, कॉफीला एकटी, अंथरुणाच्या एका कडेला एकटी. त्याने हा प्रश्न विचारावा म्हणूनच जणू मी इथवर आले होते. तोंड उघडलं, आणि किर्स्तीचा आवाज आठवला. मला भीती वाटतेय, आई.

"घोळक्यानं," मी म्हटलं.

काडी थांबली.

"परत बघ."

मी परत बघितलं. समोर एकुलतं एक फूल होतं. त्याच्यापलीकडे धुकं, आणि धुक्यात मी एकटी. पन्नास वर्षांत मी आर्वोला एकही उत्तर न बघता दिलं नव्हतं. हेही बघूनच दिलं.

"बघितलं," मी म्हटलं. "घोळक्यानं वाढतं, आर्वो."

मग काडी वर उचलली गेली. त्याचा गुडघा वाजला. बादली शेवाळातून सुटली तेव्हा चुळकन आवाज आला. घोळक्याने वाढणारी सगळी उत्तरेला, उघड्यावर आहेत. मी ऐकत राहिले. त्याची पावलं तिकडे गेली, कडी टक् टक् वाजत गेली, थांबत, पुढे जात, जोडीचं झाड शोधत. त्याने मला एकदाही विचारलं नाही की खरं सांगतेस ना.

मी त्याला हाक मारली असती. तोंडावर हात दाबून बसले.

मग उठले. पाय उचलायला फार जोर लागला. मागे वळून बघितलं तर शेवाळात गोल वळ होता, आणि तो हळूहळू भरून वर येत होता.

८

नातीचं नाव अजून ठरलेलं नाही. जावयाच्या आईला एक हवंय, किर्स्तीला दुसरं, आणि शेजारीण रोज येऊन तिसरं सुचवते. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. बाळ माझ्या मांडीवर झोपतं, मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट आवळून. निळे पडदे छान आहेत.

काल हेल्मीचा फोन आला. फुलाभोवती जाळी परत लावायला मी तिला सांगितलं होतं. शपथ मोडून ती गेली, आणि मला तासभर तिच्या बुटांबद्दल ऐकावं लागलं.

"फूल गळलं तुझं. शेंग धरलीये," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "इल्मा, बादली नाहीये सॉनात. तू नेलीस?"

"नाही."

"उत्तरेकडे शेवाळात गोल गोल खुणा आहेत. एकामागून एक, लांबपर्यंत. मी सरोवराच्या बाजूला बघितलं, तिकडेही होत्या. कुणी पोरांनी चोरली असेल तर सांगते मी शेरीफला. आर्वोची आठवण आहे ती."

बाळाने झोपेत तोंड वाकडं केलं. आतल्या खोलीतून किर्स्तीने मला हाक मारली, जावयाने मारली, दोघांनी एकदम. आर्वोला वाट चुकल्याचं कळलं की तो पहिल्या प्रश्नावर परत येतो, आणि माझा डोळा चुकला असेल हे कळायला त्याला फार वेळ लागणार आहे. तो येईल तेव्हा मी खरं उत्तर देईन, तेच देईन: घोळक्यानं. पण तोवर तो तिथे शोधत राहणार, जेवायलाही येणार नाही, आणि या वेळी त्याला आणायला मी जाणार नाही.

"शेरीफला नको सांगू," मी हेल्मीला म्हटलं. "राहू दे बादली. त्याचे गुडघे दुखतात."